बायजाची चर्चमधली हाक

कोपरीच्या बायजाला गाणं कुणी शिकवलं नाही. लहानपणी ती आईबरोबर मिठागरात जायची. तिथे मिठाच्या पाट्या वाहताना बायका गात, ते ऐकून ऐकून तिला सगळं तोंडपाठ झालं. पुढे ती धवलारीण झाली. आगरी लग्नातले विधी जी बाई गाण्यांतून लावते, ती धवलारीण. ती गायली नाही तर नवऱ्याला हळद लागत नाही, असा रिवाज. मिठागरं गेली, हळदीला डीजे आले, पण बायजाचा आवाज काही उतरला नाही. डीजेवाले तिला हल्ली पाच मिनिटं देतात आणि ती अर्धा तास घेते.

या बायजाने आयुष्यभर तलावपाळीवरून ये-जा केली. जांभळी नाक्याला बाजार करायचा आणि परतताना तळ्याजवळच्या जुन्या चर्चला रस्त्यावरूनच हात जोडायचे. फाटकाच्या आत मात्र ती कधी गेली नव्हती. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं कसं, असं तिचं म्हणणं.

मग यंदाच्या जानेवारीत बोलावणं आलं. तिची नात जागृती एका लॅबमध्ये कामाला आहे. तिथल्या ग्लेनिस नावाच्या मैत्रिणीचं लग्न या चर्चमध्ये होतं आणि आजीला आणच असं तिने बजावलं होतं. बायजाने आठवडाभर नातीचं डोकं खाल्लं. नारळ न्यायचा का, चपला कुठे काढायच्या, तीर्थ कुठल्या हाताने घ्यायचं. जागृतीने शेवटी सांगितलं, की मी उठले की तू उठ आणि मी बसले की बस.

लग्नाच्या दिवशी बायजा ठेवणीतली नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून रिक्षातून उतरली आणि दाराशी येताच सवयीने चपला काढून मोकळी झाली. बाजूला एक म्हातारी उभी होती. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं. ही कुणी आपल्यातलीच असणार असं वाटून बायजाने तिला गाव विचारलं.

म्हातारी हसली. "मी नवरीची आजी, फिलूबाय. चपला घाल गो बाय, आत लादी गार हाय."

बायजा बघतच राहिली. "तुमी किरिस्ताव, आन बोलता आमच्यासारख्या?"

"आमच्यासारख्या तुमी बोलता," फिलूबाय म्हणाली आणि तिचा हात धरून आत घेऊन गेली. जागृती मागच्या बाकावर राहिली ती राहिलीच.

आत बायजाने आधी वर पाहिलं. एवढं उंच छप्पर, इथे आवाज लावला तर कुठवर जाईल, हाच पहिला विचार तिच्या मनात आला. तेवढ्यात भजन सुरू झालं आणि तेही मराठीत. तिला वाटलं होतं सगळं इंग्रजीत असेल, आपण नुसतं बघत बसायचं. शब्द संपले तरी सूर वर रेंगाळत होता, ते ऐकून ती सुखावली. सगळे गुडघे टेकू लागले तेव्हा तीही टेकायला निघाली, पण फिलूबायने तिला दाबून बसवलं. आपल्या वयाला देव सूट देतो, असं ती कुजबुजली.

लग्न लागलं. नवरानवरी दारात आली आणि सगळे बाहेर जमले, तर बँडचा पत्ता नाही. गाडी घोडबंदर रोडला अडकली होती. फोनाफोनी झाली. फोटोवाला नुसता इकडून तिकडे करत होता आणि नवरी हातातल्या गुच्छाची फुलं खुडायला लागली होती. फिलूबायने सुरुवात करायला तोंड उघडलं, पण आदल्या दिवशी गाऊन तिचा घसा बसला होता. बायजा लग्नात गाते हे नातीकडून तिच्या कानावर होतं, तिने बायजाला कोपराने ढोसलं.

बायजा पुढे झाली आणि अडखळली. धवला, म्हणजे धवलारणीचं लग्नातलं गाणं, सुरू होतो तो देवांना हाका मारून. गावदेवी, एकवीरा, वेशीवरचा देव, ज्याचा त्याचा मान. ते चुकवून ती जन्मात गायली नव्हती. इथे पहिली हाक कुणाला मारायची? तिने दारातल्या फादरकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी मान डोलावली. बायजाने डोळे मिटले.

"तल्याचे काठी देव गो, त्याला पयली हाक.
लेक निंगाली सासरी, तिची माया राख."

तिथून ती गावदेवीकडे गेली, एकवीरेकडे गेली आणि सगळ्यांना लग्नाला बोलावून मग नवरीपाशी आली. फिलूबायसारख्याच लुगड्यातल्या चार-पाच बायकांनी आपणहून दुसरी ओळ धरली. चाल त्यांची थोडी वेगळी होती, पण दोन्ही चाली एकमेकींत मिसळून गेल्या. ग्लेनिस हसता हसता रडली. जागृती मोबाइलवर शूटिंग करायला लागली.

बँडवाले धापा टाकत आले तेव्हा गाणं ऐन रंगात होतं. ते काखेत वाद्यं धरून उभे राहिले. मग त्यांच्यातल्या ट्रम्पेटवाल्याने हळूच तीच चाल उचलली आणि बायजाला नवा जोर चढला.

जेवताना फिलूबायने तिला शेजारी बसवलं आणि फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, वाढत राहिली. दोघी धान कांडण्यापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत सगळं बोलल्या. चैत्रात गावदेवीच्या जत्रेला फिलूबाय कोपरीला मुक्कामी येणार आहे. मटण कोण करणार तेही ठरलंय. ते करणाऱ्या जागृतीला अजून कुणी विचारलेलं नाही.