सोमवारी सुकणारी बांधी

"मॅडम, शिश्यांवरची लेबलं बदललीत तुम्ही," साहेब फोनवर म्हणाले.

मी नव्हती बदलली. पण आकडे मला तोंडघशी पाडत होते.

आमगावजवळच्या गावात सुग्रताबाईंच्या दोन बांध्या आमच्या प्रयोगात होत्या. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. उन्हाळी धान होतं. एका बांधीत पाणी कायम भरलेलं, दुसरीत मधूनमधून आटू द्यायचं. साचलेल्या पाण्याखाली चिखलाला हवा मिळत नाही. मग तिथले जिवाणू मिथेन गॅस तयार करतात आणि तो हवेत जाऊन उष्णता धरून ठेवतो. बांधी आटली की गॅस कमी. मी दर सोमवारी रोपांवर पारदर्शक पेटी ठेवायची, सिरिंजने आतली हवा ओढून शिशीत भरायची. गावाने माझं नाव ठेवलं होतं, 'धानाले सुई देनारी मॅडम'.

पण दोन्ही बांध्यांचा गॅस सारखाच! साहेबांनी आठवडा दिला. नाहीतर प्रयोग बंद, आणि खोटे आकडे देणारी म्हणून माझी नोकरीही गेलीच. मी पेटी तपासली, सिरिंज बदलली, लेबलं तीनदा वाचली. चूक सापडेना. शेवटी न कळवता शनिवारीच जीप काढली.

मोटर सुरू होती. 'आटलेली' बांधी काठोकाठ भरलेली.

"सुग्रताबाई, हे काय?"

त्या जराही बिचकल्या नाहीत. "सोमवारी तुमी येता म्हनून इतवारी पानी काढून देतो ना!"

"पण भरता कशाला?"

"मंग काय करू? येनारा-जानारा पुसते, काऊन वं, बिमार आहेस का? बांधी काऊन सुकवून राहिली? मले लाज वाटते."

मी कपाळाला हात लावला. एका दिवसात चिखलात हवा कुठली शिरणार? रागही आला, पण स्वतःचाच. बांधीत भोकांचा पाइप रोवला होता, तो कशासाठी ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पाणी काढलं. चार दिवसांनी दोघी पाइपात डोकावलो. वर चिखल भेगाळलेला, वीतभर खाली पाणी चमकत होतं.

"म्हंजे मुळाले पानी भेटते?"

"भेटतं."

"हे आधी सांगाले काय झालं होतं?"

तेव्हापासून कुणी टोकलं की त्या त्याला धुऱ्यावर बोलावत. "पाइपात पाह्य, मंग बोल."

सगळं कळल्यावर साहेबांनी मुदत वाढवली. कापणीपर्यंत आकडे सुधारले. गॅस घटला, धान घटलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "लेबलं बरोबर होती तर."

सुग्रताबाईंचा प्रश्न मात्र राहिला होता. "तुमच्या गाडीतूनबी गॅस निघते का?"

"निघतो."

"एकट्याच येता. तो कोन मोजते?"

आता मी गोंदियाहून पॅसेंजरने आमगावला उतरते, पुढे सायकल. पहिल्याच दिवशी चौकात कुणीतरी विचारलं, "काऊन मॅडम, साहेबानं गाडी काढून घेतली का?"

कान तापले माझे. दुसऱ्या सोमवारी जीपच काढावी, असंही क्षणभर वाटलं. सुग्रताबाई मोटर कशासाठी लावत होत्या, ते मला त्या चौकात समजलं.