बापाचा प्रश्न

नव्वदच्या आसपास धुळ्यात आम्हा सरकारी डॉक्टरांना लसीकरणाचं प्रशिक्षण द्यायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. त्या फळ्याकडे फिरकल्याही नाहीत. खांद्यावर टॉवेल टाकून पेशंटच्या स्टुलावर बसल्या आणि सोळा वर्षांच्या मुलीचा बाप झाल्या.

"डाक्टर, मन्ही पोर कुवारी शे. हाई धनुर्वातनी सुई ते गरवार बायास्ले देतस. लोके काय म्हनतीन?"

मी धनुर्वात कसा होतो, दातखीळ कशी बसते, सगळं समजावलं. त्यांनी सावकाश टॉवेलची घडी घातली.

"तुम्ही रोगाचं सांगितलंत. बाप लाजेचं विचारत होता: गरोदर बायांची सुई कुवाऱ्या पोरीला टोचली, तर लोक काय म्हणतील."

शिकवायला येण्याआधी त्या आमच्याच दवाखान्यांच्या बाकांवर आईबापांशेजारी बसून आल्या होत्या, हे मागाहून कळलं.

पुढच्याच आठवड्यात सोनगीरच्या माझ्या दवाखान्यात माझ्यासमोर खराखुरा बाप बसला, शेजारी त्याची मुलगी. प्रश्न तोच. या वेळी मी रोगाचं नाव काढलं नाही.

"भाऊ, ही सुई मुलग्यांनाही देतात. तिच्या भावालाही आणा. दोघांना बाहेर बाकावर टोचतो, सगळ्यांसमोर."

तो उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि सदऱ्याची बाही वर सारली.

"पहिले माले टोचा."