आक्कांच्या हातावरचे ओरखडे

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकं थकवणारं माणूस अख्ख्या श्रीरामपुरात दुसरं नसेल. आक्का आमच्याकडे राहतात आणि गल्लीतली समस्त बेवारस मांजरं आक्कांकडे राहतात. त्यांतलं पाळलेलं एकही नाही, असं त्या शपथेवर सांगतात. दूध मी तापवायचं आणि साय मांजरांनी खायची. पाहुण्याला खुर्ची मिळेल याचीही खात्री नाही. तिच्यावर कोणी झोपलेलं असलं तर आक्का पाहुण्यालाच म्हणतात, "जरा थांबा, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

हातांवर कायम ओरखडे. विचारलं की परसातल्या बोरीकडे बोट दाखवायच्या. ती बोर कधीच वठून सरपणात गेली, तरी आक्कांना काटे लागतच राहिले. कारण उघड होतं. ह्यांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, बजावलं होतं की पुन्हा मांजराने बोचकारलं तर सगळी पोत्यात घालून कोल्हारच्या पुलापलीकडे सोडून येईन. आमच्याकडे मांजर घालवायची हीच रीत आहे.

मग आक्कांच्या काखेत गाठ आली. बारीक ताप हटेना. कॅन्सर असेल, ही भीती घरात सगळ्यांनाच होती. रोज जिच्यावर वैतागायचं तीच नसेल, तर घरात करायचं काय, हेच मला कळत नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी हात पाहिले. "घरी मांजर आहे का? पिलांच्या नखांतून जंतू जातात, त्यानेही अशी गाठ येते."

"न्हाई. बोरीचं काटं हायेत."

"मग उद्या गाठीचा तुकडा काढून तपासू."

आक्का त्यालाही कबूल झाल्या. पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. "डाक्टर, त्या जंतूंनी पिलाला बी ताप येतो का वो?"

डॉक्टरांनी पुन्हा खाली बसवलं. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, हळूहळू गाठ उतरली. ओरखडा लगेच साबणाने धुवा, पिसवांचं औषध करा, मांजर सोडायची गरज नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. ह्यांनी तरीही पोतं काढलंच. मोठी मांजरं कौलांवर पळाली. सापडलं ते आक्कांचं भुरं पिलू, तेच पुलापलीकडे गेलं.

आता आक्कांना कोल्हारच्या देवीची ओढ लागली आहे. दर्शन उरकलं की पुलापलीकडे जाऊन "माऊ, माऊ" करत उभ्या राहतात. कोणी येत नाही. त्यांच्याबरोबर उन्हात उभं राहून माझे पाय भरून येतात. काल निघताना आक्का पिलाची दुधाची वाटी विसरल्या होत्या. मी ती गुपचूप पिशवीत टाकली.