नानांच्या बागेतलं आमचं लग्न

लोकांकडे लग्नाचे जाडजूड अल्बम असतात. माझा अल्बम पातळ आणि किस्से जाडजूड! फोटोग्राफर तासाभरात निघून गेला, किस्से मात्र अजून गोळा होतायत. कुणी विचारलं, "शालू, तुमचं ते जंगलातलं लग्न कसं झालं गं?" की मी सुरू होते. ऐकणारे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. मी जळगावला एका ऑफिसात टायपिस्ट. प्रकाश धुळ्याला ओव्हरसियर, आणि त्याला झाडांचं भयंकर वेड. आम्ही दोघंही बौद्ध आणि दोघांचेही खिसे बेताचे. ठरवलं, बँड नको, रोषणाई नको, सरळ झाडांखाली लग्न करायचं. केळीच्या खांबांचं गेट, झेंडूच्या माळा, बसायला कडब्यावर सतरंज्या, जेवायला केळीच्या पानावर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अट एकच होती. त्यांचा जन्म रस्त्याच्या कामावर गेला. खडी सगळ्यांबरोबर फोडली, भाकर मात्र कायम बाजूला बसून खाल्ली. ते म्हणाले, "तुले जसं करनं शे तसं कर. पन तुन्हा हापिसना लोक मन्ही पंगतमा बठाले पाहिजेत."

एवढंच मागणं होतं त्यांचं.

*

तरी आबांना उन्हाची काळजी. म्हणाले, एखादा हॉल विचारून ठेवू. गेलो. मॅनेजरने चहा मागवला, पंखा लावला, तारीख विचारली. "रिकामाच आहे हॉल, ताई! नाव काय घालू?"

मी नाव सांगितलं, आबांचं सांगितलं, मग आडनाव सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "अरेच्चा, त्या दिवशी कुणीतरी बोलून गेलंय वाटतं."

बाहेर पडल्यावर प्रकाश म्हणाला, "आडनाव सांगेपर्यंत रिकामा होता की!" चहा यायच्या आधीच आम्ही निघालो होतो.

*

डेकोरेशनवाला तर त्याहून भारी. त्याला समजावलं, आम्हाला सगळं निसर्गातलं पाहिजे. पाना-फुलांचं.

"आहे ना!" म्हणाला आणि आत जाऊन दोन हिरवी झाडं बगलेत मारून घेऊन आला. थर्माकोलची! वर प्लास्टिकची द्राक्षं लोंबत होती.

प्रकाश म्हणाला, "अहो, खरी झाडं पाहिजेत."

"खऱ्याचा काय भरवसा, साहेब? आमचा निसर्ग चार वर्षं वापरतोय, एक पान गळालं नाही!"

आम्ही हात जोडून निघालो.

*

मग ऑफिसात चहाच्या वेळी मी विषय काढला. आमचे हेडक्लार्क नाना. भडगावजवळ गिरणाकाठी त्यांची लिंबांची बाग. नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी बाग असताना तू दुसरीकडे जाणार? अगं, लेकीसारखी तू मला! एक पैसा देऊ नकोस."

सुमनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भास्करभाऊंनी टाळी वाजवली, "याला म्हणतात समाजसुधारणा!" मीही भारावले, खोटं कशाला बोलू?

डोळे पुसून सुमनताई म्हणाल्या, "तुमच्यात मुहूर्त बघत नाहीत ना? मग रविवारच धर बाई. आमची रजा वाया जायला नको!"

आम्ही रविवार धरला.

*

बाग बघायला गेलो. बांधावर छान डेरेदार पिंपळ. बौद्धाला पिंपळाहून चांगली जागा कोणती? प्रकाश तिथेच उभा राहिला, "इथेच लग्न लावायचं!"

नाना दचकले. "पिंपळाखाली? छे छे! त्याच्यावर मुंजा आहे. बिचारा लग्नाआधीच गेलेला. त्याला लग्नं सहन होत नाहीत."

"मग त्यालाही पत्रिका देऊ," प्रकाश म्हणाला. "निदान तो तरी पहिल्या पंगतीला बसेल!"

नाना हसले नाहीत. लग्न बागेच्या दुसऱ्या टोकाला ठरलं, नाल्याकडच्या.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी नानांचा निरोप आला, विहिरीची मोटर बिघडली आहे, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. आबांनी बैलगाडीवर पिपं भरून गावातून पाणी आणवलं.

सकाळी बागेत पोहोचलो, तर लिंबांच्या वाफ्यांतून पाणी खळखळ वाहतंय! माझी मावशी, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नानांच्या सालदार गड्याला म्हणाली, "मोटर बिगडेल शे ना? मंग हाई पानी कोठून उनं? लिंबू रडी राह्यनात का?"

सालदाराने मान खाली घातली. त्याला कशाला बोलायचं? हुकूम त्याचा थोडाच होता.

*

लग्न मात्र छान लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांनी फुलं टाकली. मग पानं मांडली. आबा हात जोडून ऑफिसच्या खुर्च्यांपुढे उभे राहिले.

"अय्या!" सुमनताई म्हणाल्या, "आज माझा रविवारचा उपास!"

"माझापण," भास्करभाऊ म्हणाले. मागून एकेकाचा उपास निघत गेला. आमच्या ऑफिसात सूर्यनारायणाचे इतके भक्त आहेत हे मला त्या दिवशी कळलं!

नव्या पांढऱ्या साडीत मी रागाने लाल झाले. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "उपाशी कसं धाडू?" म्हणाले आणि माझ्या चुलतभावाला लुनावर भडगावला पिटाळलं. भगर आली, शेंगदाणे आले, कोरं पातेलं आलं. आबांनी तीन दगडांची वेगळी चूल मांडली आणि स्वतः भगर शिजवली, दाण्याची आमटी केली. ऑफिसची मंडळी घड्याळाकडे बघत बसली. त्यांना घेऊन आलेल्या मॅटाडोरचा ड्रायव्हर आमच्या पंगतीत निवांत बट्टी चुरत होता, त्यामुळे पळायचीही सोय नव्हती.

आबांनी पहिलं पान नानांपुढे मांडलं. "उपासनंच शे बठ्ठं, नाना. भांडं बी नवं शे. बठा."

नानांच्या तोंडात विडा होता. त्यांनी बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी लालभडक पिंक टाकली, रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "आबा, माझा आज निर्जळी आहे हो."

आबांनी वाढलेलं पान सावकाश उचललं.

"मंग सावलीमा बठा, नाना," ते म्हणाले. "निर्जळीले ऊन बाधस."