माझे पाय आणि आमची स्टाफरूम

कुणाकडे साड्या साठतात, कुणाकडे रिकामे डबे. माझ्याकडे किस्से साठले, आणि तेही सगळे पायांचे! अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायची. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही तिघी बसायचो. मी, गणिताची नसरीन आणि मराठीच्या काळे बाई. आता मी रिटायर होऊन अमरावतीत आले, काळे बाई मुलाकडे पुण्याला गेल्या, नसरीन अकोल्यातच आहे. फोनवर तिघी भेटलो की नातवंडांच्या आधी माझ्या पायांचा विषय निघतो.

पाय कसे, ते आधी सांगते. कमरेच्या वर मी चारचौघींसारखी. कमरेखाली मात्र घोट्यापर्यंत दोन खांब! आणि घोट्याशी कुणी रेघ मारावी तसं ते जाडपण थांबायचं. खाली पावलं एवढीशी, नाजूक.

*

शाळेत पंजाबी ड्रेसला परवानगी मिळाली तेव्हा सगळ्याजणी हरखल्या. नसरीन मला तिच्या ओळखीच्या टेलरकडे घेऊन गेली. टेलरच्या बायकोनं आत माप घेतलं, बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो थांबला. माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाला, "मॅडम, कुछ गडबड है. ये तो दो लेडीज का माप है."

मी मान खाली घातली. नसरीन लगेच म्हणाली, "असू दे दोघींचं, भाईजान! शिलाई एकीचीच देऊ!"

*

एकदा कान ठणकत होता म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. मी दारातून खुर्चीपर्यंत पोचेतो त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं होतं. मी बसायच्या आत सुरू झाले, "वजन कमी करा. तेल बंद, साखर बंद. रोज सकाळी चालायला जा."

"डॉक्टर, माझा कान दुखतोय."

त्यांनी क्षणभर विचार केला. "कानासाठीसुद्धा चालणं चांगलंच!"

*

चालले की! मनापासून चालले. भाकरी अर्ध्यावर आणली, भात सोडला, लग्नाच्या पंगतीत नुसती काकडी खाल्ली. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, ब्लाऊज ढगळ झाले. पाय होते तसेच! इंचभर म्हणून हलले नाहीत.

त्याच दिवसांत आमच्या हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, घरी काही दुःखद घडलं काय? तोंड पार उतरलं तुमचं. हवी तर चार दिवस सुट्टी घ्या."

*

पण सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. एकदा आठवीच्या वर्गात गेले तर फळ्यावर खडूनं काढलेली हत्तीण. साडी नेसलेली, सोंडेत नकाशा दाखवायची काठी. चित्र छान होतं, तेच जास्त लागलं. मी डस्टरनं फळा पुसला आणि पूर्ण तास मोसमी वारे शिकवले. मात्र त्यानंतर मी बसून शिकवायला लागले. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहायला लागले. लग्नकार्याला जाणं बंद केलं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तर घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. नवरा बिचारा विचारून थकला. मी पडदे ओढून पडून राहायची.

नसरीन एक दिवस न सांगता आली. आल्याबरोबर पडदे सरकवले आणि कमरेवर हात ठेवून उभी. "काहून व, अशी पडून काहून राहिली तू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय दुखतात गं."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साधा स्पर्श सोसायचा नाही, जरा कुठे लागलं की निळेकाळे डाग पडायचे. जाड बाईचे पाय दुखणारच, त्यात सांगायचं काय, असं मला वाटायचं.

नसरीन खाली बसली. "इतकी वर्षं शेजारी बसून राहिली, अन् आज सांगून राहिली?"

दुसऱ्याच दिवशी तिनं मला एसटीत घातलं आणि अमरावतीला तिच्या माहितीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी तरुण होती. तिनं आधी माझी पावलं बघितली, मग घोटे, मग विचारलं, "हात लावू का? दुखतं का तुम्हाला?"

आजवर एकाही डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं. मी हमसून हमसून रडायला लागले.

नसरीन घाबरली. "डॉक्टर, जोरात दाबू नका ना!"

"अहो, मी अजून हातच लावला नाही!"

*

त्या दिवशी दुखण्याला नाव मिळालं. लिपोएडेमा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही चरबी खाण्यानं येत नाही आणि उपाशी राहून जातही नाही. हा आजार बहुतेक बायकांनाच होतो, घराण्यातून येतो. पूर्ण बरा होत नाही, पण घट्ट मोजे, हलका व्यायाम आणि पोहणं यांनी त्रास आटोक्यात राहतो. मग म्हणाल्या, "यात तुमची काही चूक नाही." ते वाक्य मनात ऐकत मी अकोल्यापर्यंत आले.

सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये बातमी सांगितली. काळे बाईंनी चष्मा वर केला. "काय म्हणालात? लिपी?"

"लिपोएडेमा."

"म्हंजे हा आमच्या विषयातला आजार हाय की! भूगोलवाल्यांले कसा झाला?"

*

ते मोजे म्हणजे एक प्रकरणच होतं. घोट्यापासून मांडीपर्यंत, आणि इतके घट्ट की एकटीनं चढेनात. नवऱ्याची ड्युटी पहाटेची. मग ते काम स्टाफरूमकडे आलं! प्रार्थनेच्या आधी दार लावून घ्यायचं, मी खुर्चीत, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून एका पायाशी नसरीन, दुसऱ्याशी काळे बाई. अकोल्याचा मार्च-एप्रिल! तिघींच्या अंगाला घामाच्या धारा.

"ओढा बाई, ओढा!"

"सुटून राहिला इकडून!"

"धरा घट्ट! अजून जोर लावा!"

दारावर टकटक झाली. हेडसर होते. "काय चालू हाय आत?"

 काळे बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रस्सीखेच, सर! क्रीडासप्ताहाची प्रॅक्टिस!"

पुढच्या क्रीडासप्ताहात हेडसरांनी शिक्षिकांच्या रस्सीखेचीत आमची तिघींची नावं स्वतः लिहून टाकली.

*

शाळा संपली की उन्हाळ्यात एक दिवस आम्ही तिघी अमरावतीला माझ्या आईकडे आमरसाला जायचो. ती आता नाही. तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिचे पायही माझ्यासारखेच, पण लुगड्याखाली झाकलेले. आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवली, तेही चिमणीनं टिपल्यासारखं. बाबा स्वभावानं वाईट नव्हते, पण ताटावर ती दुसरी पोळी घ्यायला लागली की हसत म्हणायचे, "पुरे कर आता, दारातून निघशील नाई!" आम्ही पोरंही हसायचो. तीही हसायची.

त्या उन्हाळ्यात जेवताना मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. नसरीन आणि काळे बाई मधूनमधून भर घालत होत्या. आई रसाच्या वाटीत बोट फिरवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे, हे खाल्ल्यानं नाई झालं?"

"नाही गं आई."

"डॉक्टरीण म्हने?"

"डॉक्टरीणच म्हणाली."

"माह्यंही?"

"तुझंही. तुझ्याकडूनच तर आलं मला."

  तिनं मान वर केली आणि भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं.

"ऐकलं काय हो?"

फोटो काय बोलणार! आईनं वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि नसरीनपुढे धरली.

"वाढ व पोरी. काठोकाठ भर."