काचेवरचा घास

प्रेमिलाबाईंच्या हातच्या चुलीचं खापा गावात नाव होतं. कोणाच्या घरी लग्न निघालं, नवी सून यायची असली, की बाया आधी त्यांच्या अंगणात यायच्या. कन्हान नदीच्या काठची चिकणमाती, त्यात गव्हाचा भुसा, आणि घोड्याची लीद मिळालीच तर मग विचारायलाच नको. त्यांचे यजमान रामाजी माती सायकलवर लादून आणायचे आणि अंगणात ओतताना म्हणायचे, "घे वं, पुरे झाली का, का नदीच उचलून आणू?" चूल थापून वाळली की प्रेमिलाबाई तिला पांढऱ्या मातीचा हात द्यायच्या, हळदीकुंकू वाहायच्या, आणि मगच घरच्या बाईला काडी ओढू द्यायच्या.

दिवाळीनंतर रामाजी गेले. घराला कुलूप लागलं आणि पियूषने आईला नागपुरात बेसा रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. इथे काही कमी नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला. मुलगा विचारून विचारून खाऊ घालायचा, सून गुंजन दुपारी बँकेतून फोन करून "आई, जेवल्या का?" म्हणायची. पण घरात विस्तव नव्हता. ओट्यावर एक काळी गुळगुळीत काच बसवलेली. बटण दाबलं की तिच्याखाली लाल वेटोळं उमटायचं. त्यावर पोळी भाजायची, दूधही रीतसर उतू जायचं. ना जाळ, ना धूर, ना चिमूटभर राख. ही कसली शेगडी, असं प्रेमिलाबाईंना रोज वाटायचं आणि रोज त्या ते गिळायच्या.

गुंजनचा मात्र त्या काचेवर भारी जीव. जेवणं आटोपली, काच थंड झाली, की सोडा भुरभुरायचा, ओलं फडकं पसरून ठेवायचं, चिकटलेलं काही असेल तर खरवडायचं पातं आडवं धरून अलगद काढायचं आणि मऊ कापडाने पुसायचं. "आई, याले तारेची घासणी नाही चालत बरं का." स्वतःच्या तोंडाला एवढी पावडर लावत नाही ही पोरगी, असं प्रेमिलाबाई मनात म्हणायच्या. पण मनातून त्यांना ते आवडायचंही. खाप्यात त्याही उजाडायच्या आत चूल पोतारायच्या. त्याशिवाय चहा ठेवायच्या नाहीत.

मग अखजी आली, अक्षय तृतीया. रामाजींच्या माघारी पहिलीच. या दिवशी गेलेल्या माणसाचा घास तूप घालून निखाऱ्यावर टाकायचा. तो जळून धूर वर गेला की त्याच्यापर्यंत पोचला, आणि त्यानंतरच घरच्यांनी जेवायचं. आदल्या दिवशी प्रेमिलाबाईंनी पियूषला गोवऱ्या आणायला सांगितलं. "आई, बाल्कनीत धूर केला तर सोसायटीवाले बोंबा मारतील," तो म्हणाला. "कावळ्याले ठेव ना घास." प्रेमिलाबाई पुरणाची डाळ निवडू लागल्या. कावळ्याचा कावळ्याला, पण निखाऱ्याचा कुठे ठेवायचा? नवरा उपाशी राहणार, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला.

दुपारी घरात त्या एकट्याच होत्या. पुरणपोळ्या झाल्या, कढी झाली, वडे झाले. गुंजन अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून येणार होती. तवा उतरवला तर काचेखालचं वेटोळं अजून लालभडक. हुबेहूब निखारा. प्रेमिलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पुरणपोळीचा घास तुपात बुडवला आणि "घ्या," म्हणत त्या लालावर ठेवला. चर्र झालं. धूर निघाला, गूळ करपल्याचा खमंग वास सुटला, आणि इतक्या महिन्यांनी त्यांना अगदी आपल्या घरी असल्यासारखं वाटलं.

ते सुख फार टिकलं नाही. घासाचा काळा लगदा काचेला असा चिकटला की बोटभरही हलेना. सुनेच्या काचेची माती केली! घाबरून त्यांनी भांड्यांची तारेची घासणी उचलली आणि जोर लावला. लगदा तसाच राहिला, भोवती मात्र पांढऱ्या रेघोट्या उमटल्या. तेवढ्यात दार वाजलं.

"आई! काहून घासलं तुम्ही हे?" गुंजनचा आवाज चढलाच.

"मी काय करून बसली वं पोरी," प्रेमिलाबाईंनी घासणी खाली ठेवली. "लाल दिसून राहिलं, मले वाटलं निखाराच आहे. यांचा घास टाकला मी. पहिली अखजी, उपाशी कसं ठेवू?"

गुंजनने आधी सासूची बोटं उलटसुलट करून पाहिली, पोळली नव्हती. मग काच निवू दिली आणि पातं आडवं धरून हळूहळू खरवडू लागली. काळा चुरा तळहातावर घेऊन ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. "आई, इथं नाही टाकवत मले." तिने तो तुळशीच्या कुंडीत सोडला.

तरी वेटोळ्याच्या मधोमध एक डाग उरलाच. गुळाने काच खाल्ली होती. सोडा झाला, ओलं फडकं झालं, पुन्हा पातं झालं. शेवटी गुंजनने हात टेकले.

"नाही निघून राहिला. राहू द्या. बाबांचा आहे."

प्रेमिलाबाई त्या डागाकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या, हसता हसता डोळे भरून आले.

"ते असेच होते वं. सैपाक चालू असला का चुलीपाशी बसून राहायचे, हलायचं नाव नाही. किती वेळा म्हटलं, सरका जरा, मले फुंकाले जागा द्या."

"मग सरकायचे का?"

"कुठचे सरकतात! मीच अंग चोरून बाजूनं फुंकत होती."

पियूष जेवायला आला तेव्हा गुंजनने वेटोळं पुन्हा लावलं आणि तवा ठेवला. प्रेमिलाबाई ओट्याशी आल्या, आणि थोडं अंग चोरून, एका बाजूला उभं राहून, त्यांनी पोळी तव्यावर टाकली.