भगवंतरावांची नम्र विनंती

आमच्या गावात माणूस मेला काय आणि शेळी हरवली काय, भगवंतराव काळमेघ दोन्ही बातम्या सारख्याच अदबीने सांगतात. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, हँडलला अडकवलेला माईक आणि ठरलेली सुरुवात: ‘सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना नम्र विनंती.’ मयताची खबर असली की ते ऑटो बंद करतात, खाली उतरतात, टोपी काढतात आणि उभ्याने बोलतात. तीस वर्षं झाली, यात बदल नाही. उद्या नळ येणार नाही असं नगरपंचायतीने फळ्यावर लिहिलं तर लोक शिव्या घालतात. तेच भगवंतरावांनी सांगितलं की मुकाट्याने हंडे भरून ठेवतात.

त्यांचा एक नेम होता. माईकवर कुणाची बदनामी करायची नाही. मागे एका पुढाऱ्याने दुसऱ्याच्या बायकोबद्दल काहीतरी लिहून दिलं होतं. भगवंतरावांनी तो कागद त्याच्याच खिशात परत घातला आणि म्हणाले, हे घरी वाचा. निवडणुकीचा हंगाम हातचा गेला, पण नेम मोडला नाही. मला हा माणूस आवडतो. म्हणूनच पुढचं लिहिताना माझा मलाच राग येतो.

आमचं गाव परतवाड्यापासून अर्ध्या तासावर, मेळघाटच्या पायथ्याला. शुक्रवारी बाजार भरतो. वरच्या गावांतल्या कोरकू बाया पहाटेच्या जीपने खाली येतात आणि झाडू, टोपल्या, मध, सीताफळं विकून दुपारच्या बसने परत जातात. त्यांतली पार्बताबाई कासदेकर कडुनिंबाखाली बसायची. बावीस वर्षं तीच जागा. भगवंतरावांची ऑटो त्याच झाडाच्या सावलीत उभी असे. एका उन्हाळ्यात त्यांचा आवाज पार बसला होता. डॉक्टर झाले, काढे झाले. शेवटी पार्बताबाईने पदराच्या गाठीतून हिरडा काढून दिला, दाढेखाली धरा म्हणाली. आठ दिवसांत गळा मोकळा झाला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती मूठभर हिरडे द्यायची आणि भगवंतराव तिच्या टोपल्यांची दवंडी फुकट पिटायचे.

गेल्या वर्षी नगराध्यक्षाची निवडणूक लागली आणि खुशालराव उगवले. अकोल्यात त्यांचे शिकवणीचे मोठे वर्ग. आमच्या गावात त्यांचं नुसतं आजोळ, तेही बंद पडलेलं. कुठला पक्ष नाही, कुठला गट नाही. पण माणूस बोलायला गोड. पानठेल्यावर लोक इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून जे बोलायचे, ते यांनी बरोबर हेरलं. जंगलातले लोक येतात, घाण करतात, आपल्या माणसांचा धंदा खातात. हे बोलणं गावात होतंच, उगाच आपण फार चांगले असल्याचं सोंग कशाला? पण ते तोंड लपवून व्हायचं. कुणी मोठ्याने बोललं असतं तर चार जणांनी त्याला गप्प केलं असतं.

खुशालरावांनी तेच कागदावर लिहून भगवंतरावांना दिलं. ‘जंगलातल्या उपऱ्यांनो, आमचा बाजार सोडा.’ भगवंतरावांनी वाचलं आणि कागद परत केला. हे माझ्या तोंडून निघणार नाही म्हणाले. खुशालराव चिडले नाहीत. उलट त्यांनी हात जोडले. तुमचा अनुभव मोठा, तुम्हाला योग्य वाटेल तसं तुम्हीच लिहा, म्हणाले. इथेच घोळ झाला. तीस वर्षांत भगवंतरावांना कुठल्या उमेदवाराने असं विचारलं नव्हतं. बिचारे फुलले.

कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेला, शब्दांचा मला माज. ओट्यावर बसून आम्ही दोघांनी मजकूर धुऊन काढला. ‘सोडा’ गेलं, ‘कृपया समजून घ्यावे’ आलं. ‘उपरे’ या शब्दाशी भगवंतराव अडले. मी म्हटलं, ‘पाहुणे’ लिहा. त्यांना तो शब्द फार आवडला. घरी जाऊन सुभद्रावहिनींना त्यांनी तो वाचून दाखवला. शेवटी झालं ते असं: ‘सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना नम्र विनंती की, आपल्या बाजारात आपल्या गावच्या माणसाला आधी जागा मिळावी. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनी कृपया समजून घ्यावे.’ आम्हाला वाटलं, विंचवाची नांगी काढली. चहा प्यालो आणि एकमेकांची पाठ थोपटली.

अकरा दिवस ते वाक्य गावभर फिरलं. मधल्या शुक्रवारी ऑटो बाजारातूनही गेली. पार्बताबाई दिसली तशी भगवंतरावांनी बोलता बोलताच तिला हात केला. तिनेही केला.

मग गंमत बघा. गंमत कसली म्हणा. जे पानठेल्यावर कुजबुजत बोलायचे, ते आता चौकात बोलू लागले, आणि आमच्याच शब्दांत. शाळेच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक म्हणाले, पाहुण्यांनी समजून घ्यावे. औषधाच्या दुकानातले महादेवराव, दोन पिढ्यांचे सज्जन, तेही गिऱ्हाइकाला म्हणाले की यात चूक काय, किती सभ्य भाषेत सांगितलंय. बाकीच्या उमेदवारांनी तेच आपापल्या पत्रकात छापलं. सुभद्रावहिनींनी झाडू दुकानातून आणला. भगवंतरावांनी विचारलं तर म्हणाल्या, तुमीच तं सांगून राहिले गावभर.

खुशालराव पडले. दुसऱ्याच दिवशी सामान बांधून अकोल्याला गेले, ते पुन्हा काही फिरकले नाहीत. पण निवडून आलेल्यांनी ते वाक्य ठेवून घेतलं. हुकूम निघाला नाही, कुणी कुणाला उठवलं नाही. फक्त निकालानंतरच्या शुक्रवारी कडुनिंबाखालची जागा रिकामी होती. पुढच्या शुक्रवारीही. भगवंतराव म्हणाले, आजारी असेल. तिसऱ्या शुक्रवारी त्यांच्याकडचे हिरडे संपले आणि ‘आजारी असेल’ हे म्हणणंही. शनिवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. चला गुरुजी, धारणीच्या बसने जाऊन येऊ.

सेमाडोहच्या अलीकडे उतरून आम्ही तासभर चाललो. पार्बताबाई अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होती. आजारी वगैरे काही नव्हती. तिने खाट टाकली, पाणी दिलं. भगवंतरावांनी विचारलं, ‘‘बाजारात काहून येत नाई बाई?’’

‘‘तुमीच नाई म्हटलं ना भाऊ.’’

‘‘मी तुमाले नोतं म्हटलं. ते बाहेरच्या लोकायले होतं.’’

‘‘मी बाहेरचीच हाओ ना. जीपनं येतो.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. ‘‘कोणी शिवी देली असती तं मी भांडली असती. मांगं भांडलीच हाओ. पन तुमी हात जोडून म्हटलं. हात जोडल्यावर कोनाशी भांडू? आन तुमी माईकवर खोटं बोलत नाई, हे आमाले मालूम हाये.’’

भगवंतराव खाटेवर बसल्या बसल्या रडले. साठीला आलेला माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. मी मात्र कामट्यांकडे बघत बसलो. ‘पाहुणे’ हा शब्द माझा होता, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. निघताना तिने हिरडे बांधून दिले. तेही आम्ही घेतले.

सोमवारी सकाळी दहाला भगवंतरावांनी बाजाराच्या मैदानात ऑटो उभी केली, खाली उतरले, टोपी काढली. लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं. माना वळल्या. या वेळी नम्र विनंती नव्हती. ‘‘मी भगवंत काळमेघ बोलून राहिलो. इलेक्शनच्या टायमाले मी पाहुणे पाहुणे म्हनलो, ते चुकीचं बोललो. पार्बताबाई अन् तिच्यासंगच्या बाया बावीस वर्सापासून इथं बसतात. त्या पाहुण्या नाईत. त्यायची जागा त्यायचीच हाये.’’ एवढं बोलून ते पुढच्या चौकात गेले. दिवसभरात नऊ ठिकाणी बोलले.

लोक काय म्हणाले? काही हसले, काहींनी तोंड फिरवलं. नगरपंचायतीने पाण्याची दवंडी दुसऱ्याला दिली. महादेवराव दुकानातून बाहेर आले आणि अगदी कळवळ्याने, खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘भगवंतराव, ही का माईकवर बोलायची गोष्ट आहे?’’

मी शेजारीच उभा होतो. महिनाभरापूर्वी हेच वाक्य आमच्यापैकी कुणीतरी खुशालरावांना ऐकवायला हवं होतं.

निरोप वर पोचवायला त्यांनी जीपवाल्याला सांगितलं. शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं कडुनिंबाखाली जाऊन थांबलो. भगवंतरावांनी जागा झाडून ठेवली होती. तीन जीप आल्या, रिकाम्या झाल्या. चौथीतून पार्बताबाई उतरली. डोक्यावर टोपली घेऊन झाडापाशी आली आणि उभी राहिली. भगवंतरावांनी टोपली उतरवायला हात पुढे केले, तरी तिने मान खाली केली नाही. आधी आजूबाजूच्या दुकानांकडे बघून घेतलं.

‘‘बसू का भाऊ?’’

बावीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. भगवंतराव ‘बसा’ म्हणाले, पण तीस वर्षं गावाला ऐकू जाणारा तो आवाज मला दोन हातांवरही ऐकू आला नाही. ती बसली. त्यांना हिरडे दिले. मग टोपलीतले अर्धे झाडू बाहेर मांडले आणि बाकीचे तसेच बांधलेले ठेवून दिले.

तेव्हापासून ती दर शुक्रवारी येते. अजून अर्धाच माल बाहेर मांडते.